दहा ते सहा

रेल्वेने रात्रभराच्या लांब प्रवासाला पहिल्यांदाच निघायचं ठरलं की बहुतेकांची तयारी सामानाच्या यादीपासून सुरू होते. साखळी-कुलूप घ्यावं का, उशी घरचीच न्यावी की फुगवायची, पाण्याच्या बाटल्या किती. या यादीचा उपयोग असतोच, पण ती करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. स्लीपरचं तिकीट काढलं म्हणजे आपल्याला नेमकं काय मिळालं? एक बर्थ, असं कुणीही सांगेल. माझं म्हणणं असं की हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि पहिल्या प्रवासातली चिडचिड, वादावादी, फुकटचं जागरण यांतलं बरंचसं त्या अर्ध्या उत्तरामुळे होतं. तिकिटाने बर्थ आपला होतो तो रात्री दहा ते सकाळी सहा, एवढ्यापुरता. उरलेल्या वेळात आपल्या वाट्याला येते ती बाकावरची तिसऱ्या हिश्शाची जागा. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवून आखणी केली तर कोणती गाडी घ्यायची, कोणता बर्थ मागायचा, जेवणाचा डबा कधी उघडायचा, इथपर्यंत सगळंच वेगळं ठरतं.

डब्याची रचनाच हे सांगते. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात ८०. पण दोन्हीकडे हिशेब आठ-आठचा. समोरासमोर तीन-तीन, आणि जाण्यायेण्याच्या वाटेपलीकडे खिडकीला लागून दोन. आपल्या बर्थच्या आकड्याला आठाने भागावं. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ उरली तर मिडल, ३ किंवा ६ उरली तर अप्पर, ७ उरली तर साइड लोअर आणि बाकी काहीच उरली नाही तर साइड अप्पर. यातला मिडल बर्थ मला सगळ्या व्यवस्थेची किल्ली वाटतो. दिवसा तो खाली सोडलेला असतो आणि लोअरवर बसलेल्या तिघांची पाठ त्याला टेकलेली असते. तो वर उचलून साखळ्यांना अडकवला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि खालचे बसून राहिले तर मधल्याला झोपता येत नाही. एकाची झोप म्हणजे दुसऱ्याच्या बसण्याचा शेवट. म्हणूनच रेल्वेला तास ठरवून द्यावे लागले. पूर्वी ही वेळ रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत होती. २०१७ मध्ये ती दहापासून सहापर्यंत केली. नऊच्या नियमाचा आधार घेऊन काहीजण संध्याकाळीच बर्थ लावत आणि बाकीच्यांना अवघडून बसायला लावत, अशा तक्रारी त्यामागे होत्या. आजारी माणूस, गरोदर बाई, अपंग व्यक्ती यांना वेळेबाहेरही झोपू द्यावं, असंही त्याच सूचनेत म्हटलं आहे. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पाणी कुणाच्याच मालकीचं नसतं, पण आपल्या पाळीच्या वेळी ते पूर्णपणे आपल्या शेतात येतं आणि ती वेळ संपली की दार फिरवून शेजाऱ्याकडे सोडायचं असतं. स्लीपरचा बर्थ असा आहे.

हे आठ तास सहज मिळालेले नाहीत, हेही निघण्यापूर्वी माहीत असावं. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबई ते मद्रास हा प्रवास तिसऱ्या वर्गाने केला आणि त्याबद्दल सविस्तर लिहिलं. भाडं होतं तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ उतारूंची क्षमता लिहिलेली होती आणि तीही बसण्यापुरतीच. वाटेत कधीकधी आत ३५ जण झाले. मद्रासपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या आणि नीट आडवं होण्याची सोय डब्यात नव्हती. त्या तिकिटाने गाडीत चढण्याचा अधिकार मिळत होता, झोपेचा मिळत नव्हता. जिथे नियमाने जागा ठरत नाही तिथे ती ताकदीने, आवाजाने आणि आधी चढण्याच्या धडपडीने ठरते. पुढे तिसऱ्या वर्गासाठीही शयनयानं आली, १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नावही रेल्वेने पुसलं, पण सामान्य माणसाच्या बर्थची फळी लाकडाचीच राहिली. तिच्यावर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचं काम सुरू केलं ते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवते यांनी. राजापूरचे खासदार, आणि त्याआधी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. वरच्या वर्गाचं काही काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला वर आणावं, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई ते हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती सर्वांना एकाच वर्गात बसवणारी गाडी म्हणून. मला हा इतिहास प्रवासाच्या तयारीचाच भाग वाटतो. फोमची ती पातळ गादी, बर्थवर रंगवलेला आकडा आणि चार्टवरचं आपलं नाव या तीन गोष्टींनी मिळून साध्या माणसाला झोपेचा अधिकार दिला. तो अधिकार ठाम आहे आणि वेळेपुरता आहे. दोन्ही एकाच वेळी.

आता गाडी निवडण्याकडे येऊ. नवखा माणूस वेळापत्रकात सुटण्याची आणि पोचण्याची वेळ पाहतो. मी म्हणेन, आधी दहा आणि सहा या दोन वेळा पाहाव्यात आणि त्या वेळी गाडी कुठे असते ते शोधावं. महाराष्ट्रातल्या माणसाला पहिल्या लांब प्रवासासाठी राज्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूर ते गोंदिया धावणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एकाच राज्यात तेराशेहून जास्त किलोमीटर जाते. एका राज्याच्या हद्दीत इतकं अंतर कापणारी गाडी म्हणून ती ओळखली जाते. दुपारी कोल्हापूरहून सुटते, मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा करत रात्री पुण्याला येते, अंधारात दौंड, नगर, मनमाड मागे टाकते, सकाळ खानदेशात उजाडते, मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर आणि संध्याकाळी गोंदिया. उसाच्या मळ्यांपासून कपाशीच्या काळ्या रानापर्यंत आणि तिथून पुढे भंडारा-गोंदियाच्या तलावांपर्यंत, धानाच्या बांध्यांपर्यंत जवळजवळ सगळं उजेडात दिसतं. झोपेत जातो तो मधला तुकडा. पहिल्या प्रवासासाठी ही वाटणी मला फार चांगली वाटते, कारण रात्रीच्या दोन्ही बाजूंना भरपूर दिवस आहे आणि बाकावरच्या वाट्याची सवय व्हायला संध्याकाळ मिळते. रात्री अकराला चढून पहाटे पाचला उतरायच्या प्रवासात ती मिळत नाही. तिथे माणूस अनोळखी अंधारात आपला बर्थ चाचपतो आणि उतरायचं स्टेशन चुकेल या धास्तीने डोळाही मिटत नाही. पण याच गाडीत एक अडचण आहे आणि ती आधीच लक्षात घ्यायला हवी. पुण्यात रात्री पुष्कळ माणसं उतरतात आणि तितकीच चढतात. कोल्हापूरहून निघालेल्याने साताऱ्यापर्यंत ओळख करून घेतलेली माणसं झोपेच्या वेळी बदललेली असतात, दिवे पुन्हा लागतात, बॅगा पुन्हा सरकतात. ज्याला हलकी झोप आहे त्याने इथे अप्पर मागावा.

बर्थ मागताना सगळे लोअरच्या मागे असतात. खिडकी मिळते, चढावं लागत नाही, सामान डोळ्यांसमोर राहतं. गुडघे दुखणाऱ्यांना तो मिळायलाच हवा, आणि त्यासाठी प्रत्येक स्लीपर डब्यात काही लोअर बर्थ ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. पण धडधाकट तरुणाने लोअर घेतला तर रात्री दहापर्यंत त्याच्या अंथरुणावर तिघे बसणार, जेवणार, मूल असेल तर ते खेळणार. आणि ते योग्यच आहे. उलट अप्परवाल्याला दिवसभर कधीही वर जाऊन पाठ टेकता येते आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. मिडलवाल्याचा दिवस सगळ्यांत पराधीन, पण रात्र इतरांइतकीच हक्काची. साइड लोअरची खिडकी मोहात पाडते. मात्र तिथे साइड अप्परवालाही दिवसा बसतो आणि उंच माणसाचे पाय त्या बर्थवर मावत नाहीत. आरएसीचं तिकीट या सगळ्यात वेगळं आहे. एका साइड लोअरवर दोघांना बसायला जागा, बर्थ रिकामा झाला तर मिळणार. म्हणजे दिवसाचा वाटा पक्का आणि रात्रीचा अनिश्चित. भाडं मात्र पूर्ण बर्थचं. पहिल्याच प्रवासाला आरएसीवर निघू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण रात्र कशी जाईल हे ज्याला ठाऊक नाही त्याने निदान ती आडवं होऊन काढावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा तारीख ठरली की दोन महिने आधीची सकाळ लक्षात ठेवणं एवढंच करायचं असतं. तत्काळ हा शेवटचा उपाय. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता सुरू होतं.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येतं, पण पहिल्या प्रवासाला त्याच्या निम्मंही लागू नये. बर्थखालची जागा तिघांची असते. अंथरूण-पांघरूण स्लीपरमध्ये मिळत नाही, तेव्हा एक चादर आणि एक शाल हवीच. थंडीच्या दिवसांत मनमाडच्या आसपास पहाटे बंद खिडकीच्या फटींतूनही गारठा येतो. शिदोरीचं मात्र नियोजन वेळेनुसार करावं. आपल्याकडे प्रवासाला दशम्या देण्याची रीत आहे, कारण पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्यामुळे त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी हे रस्सा न सांडता, ताट न मांडता, मांडीवर कागद ठेवून खाण्याचं अन्न आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या जागेत बसणारं अन्न. जेवण नऊपर्यंत उरकलं की हात धुवायला, पाणी भरायला, चादर काढून ठेवायला वेळ राहतो आणि दहा वाजता मधल्या बर्थवाल्याला कुणाकडे विनवणी करावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इतका विचार करायला लावणारा डबा हवाच कशाला? थोडे पैसे जास्त टाकून एसी थ्री टियर घ्यावा. चादर मिळते, दारं बंद असतात, धूळ नाही. आक्षेप रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये अकोला ते नागपूर भर दुपारी स्लीपरमधून जाणं हे धडधाकट माणसालाही सोसत नाही. त्या दिवसांत, आणि सोबत तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कोणत्याही दिवसांत, एसी घ्यावा. पण एसी थ्री टियरमध्येही मधला बर्थ आहे, तिथेही दहा ते सहा हाच नियम आहे आणि लोअरवर तिघेच बसतात. पैसे देऊन हवा थंड करता येते, वाटणी टळत नाही. पडदा ओढून आपल्यापुरती खोली करून देणारी खासगी स्लीपर बस हा खरा पर्याय आहे आणि ज्याला फक्त पोचायचं आहे त्याने तो घ्यावा. त्यात रात्रभर उठून चालता येत नाही, आणि बहुतेक बसमध्ये लघवीला जायचं तर ड्रायव्हर थांबेल तेव्हाच. ज्याला प्रवास करून पाहायचा आहे, आपण ज्या राज्यात राहतो त्याची लांबी-रुंदी अंगावर घ्यायची आहे, त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघड्या खिडकीचा डबा घ्यावा असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. वाटणीचा हा करार कागदावर ठीक आहे, पण स्लीपरच्या डब्यात आरक्षण नसलेली माणसं शिरतात, बर्थच्या टोकाला टेकतात, रात्री वाटेत आडवी होतात. मग दहा ते सहाला अर्थ काय उरतो? हे होतं, आणि सणासुदीला फार होतं. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही असा नियम आहे. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर असलं तर आपोआप रद्द होतं; खिडकीवर काढलेलं तिकीट हातात राहतं आणि माणूस त्याच्यावर चढतो. त्याची निकड खोटी नसते. कुणाला परीक्षेला पोचायचं असतं, कुणाला घरचं निकडीचं बोलावणं असतं आणि जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पण याच जागी मला दिवस आणि रात्र वेगळे धरण्याचा सगळ्यांत जास्त उपयोग दिसतो. दिवसा बाकावर थोडं सरकून चौथ्याला टेकू देणं याने आपलं काही जात नाही. तो बाक तसाही एकट्याचा नव्हता. रात्री मात्र नम्रपणे आणि स्पष्टपणे बर्थ मोकळा करून मागावा, ऐकलं नाही तर टीसीला सांगावं, टीसी सापडला नाही तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावं. ज्याला बर्थ म्हणजे चोवीस तासांची मालमत्ता वाटते तो दुपारीच भांडून बसतो आणि रात्री गरज असताना त्याच्या बाजूने बोलायला कंपार्टमेंटमध्ये कुणी उरत नाही. या गर्दीला कारण असलेली डब्यांची टंचाई उतारूंच्या चांगुलपणाने भरून निघणार नाही, हे खरंच आहे. ते रेल्वेकडे मागायचं काम आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे.

एकट्या निघणाऱ्या मुलीने किंवा बाईने विचारावं, की अनोळखी सात माणसांबरोबर रात्र वाटून घेण्याचं हे कौतुक माझ्या काय उपयोगाचं? तिच्या प्रश्नाला सरसकट धीर देणारं उत्तर देणं मला बरं वाटत नाही. पण आखणीच्या दृष्टीने काही गोष्टी हाताशी आहेत. स्लीपर वर्गात लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांना सहा बर्थ स्त्रियांसाठी राखीव असतात, एकटीसाठी किंवा फक्त स्त्रियांच्या गटासाठी, वयाची अट नसलेले. तिकीट काढताना तो कोटा निवडावा लागतो आणि पुष्कळ जणींना तो माहीतच नसतो. त्यातून इतर स्त्रियांजवळ जागा मिळण्याचा संभव वाढतो. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रियांकडे लक्ष ठेवण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाचा मेरी सहेली हा उपक्रम २०२० पासून आहे. अप्पर बर्थ येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर नसतो. आणि स्लीपरला दार नसणं, जे एरवी उणं वाटतं, ते इथे उपयोगी पडतं. आठ जणांच्या समोर, पलीकडच्या आठ जणांच्या कानावर, असं ते झोपणं असतं. संध्याकाळी ज्या मावशींशी चार शब्द झाले त्यांना रात्री हाक मारता येते. ही ओळख करून घेण्यासाठीसुद्धा उजेडातली संध्याकाळ हवी. रात्रीच्या पोटात चढायच्या गाडीपेक्षा दुपारी सुटणारी गाडी बरी, असं मी वर म्हटलं त्याचं हे आणखी एक कारण.

शेवटी एका गोष्टीचा निर्णय घरूनच करून निघावं, कारण ती गोष्ट जवळजवळ प्रत्येक प्रवासात समोर येते. कुणीतरी बर्थ बदलून मागतं. आजींना वर चढवत नाही, लेकराची आई एका डब्यात आणि वडील दुसऱ्यात, नवं लग्न झालेलं जोडपं वेगळं बसलंय. नवखा माणूस इथे एकतर संकोचाने काहीही देऊन टाकतो, नाहीतर संशयाने सगळंच नाकारतो. दिवसाची जागा बदलून मागितली तर विचारही करू नये, द्यावी. रात्रीचा बर्थ मागितला तर तीन गोष्टी विचाराव्यात: बदल्यात मिळणारा बर्थ पक्का आहे की आरएसी, त्याच डब्यात आहे की दुसऱ्या, आणि तो माणूस आपल्या आधी उतरणार की नंतर. मधल्या एखाद्या स्टेशनावर तो बर्थ दुसऱ्याच्या नावावर होणार असेल तर अपरात्री उठावं लागेल. हे पटलं आणि मागणाऱ्याला खरीच गरज असली तर लोअर देऊन अप्परवर जाण्यात तरुण माणसाचं काहीच कमी होत नाही. फक्त अदलाबदल टीसीच्या कानावर घालावी आणि बॅगही बरोबर वर न्यावी.